अमेरिकेतली परसातली लोहारभट्टी आणि तिचं अस्तर

अमेरिकेत गॅरेजमध्ये ऐरण मांडून शनिवार-रविवारी लोहारकाम करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. 'अबाना' ही त्यांची संघटना १९७३ पासून चालते. दगडी कोळशाचा धूर शेजाऱ्यांना खपत नाही, म्हणून यातल्या बऱ्याच जणांकडं प्रोपेनवर चालणारी, बादलीएवढी भट्टी असते. सांगली-साताऱ्याकडून तिच्याबद्दल विचारणारे आधी बर्नरचं विचारतात. जेट, म्हणजे गॅस सुटतो ते बारीक भोक, केवढा, प्रेशर किती. बर्नर एका दुपारी जमतो. चार-पाच दिवस जातात ते अस्तरात, आणि भट्टी फसते तीही तिथंच.

भात्याच्या भट्टीत लोखंड निखाऱ्यांत पुरलेलं असतं. गॅसच्या भट्टीत ज्वाळा आधी भिंत तापवते आणि पिवळी झालेली भिंत लोखंडाला तापवते. भिंतच उष्णता बाहेर सोडत असेल तर गॅस कितीही सोडा, कोयत्याचं पातं लालच्या पुढं जात नाही.

माप धरू: तीन मिलिमीटर पत्र्याचा किंवा जुन्या पाइपचा गोल डबा, आतला व्यास १० इंच, लांबी १२ इंच. आत एक इंची सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या तंतूंच्या गादीचे, दोन थर, त्यावर चार सूत (अर्धा इंच) जाड कास्टेबलचा, म्हणजे भट्टीसाठीच्या काँक्रीटचा, गिलावा. उरते पाच इंचांची पोकळी, म्हणजे जेमतेम चार लिटर. पाऊण इंची पाइपचा एक साधा बर्नर साधारण साडेपाच लिटरपर्यंतची पोकळी वेल्डिंगच्या तापमानाला नेतो, त्यामुळं इथं हात राखून काम होतं. पोकळी उगाच मोठी करू नये. विळे, कोयते, छिन्न्या यांना एवढी भरपूर झाली.

ब्लँकेट घेताना दोन आकडे बघायचे. घनता १२८ किलोची घ्यावी. ९६ ची स्वस्त पडते, पण लवकर बसते. दुसरा आकडा तापमानाचा. १२६० अंशाचा माल सतत १२६० सोसत नाही, तो वरचा टप्पा झाला. टाकणखार टाकून लोखंडाला लोखंड जोडायचं असेल तर आतला थर १४२५ अंशाचा घ्यावा. ग्लासवूल आणि रॉकवूल या कामाचे नाहीत, वितळतात.

इकडे अमेरिकेत कुंभारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात हे ब्लँकेट फुटावर मिळतं. तिकडे गावाकडं दोन फूट रुंदीचा अख्खा रोल गळ्यात मारतील. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, किर्लोस्करवाडी हा कोल्हापूर-सांगलीकडचा सगळा पट्टा ओतकामाचा आहे. फर्नेसचं अस्तर बदलणाऱ्या कंत्राटदाराला मीटरभर तुकडा मागून बघावा. दोन फुटी रोलमधून ३२ इंच लांबीचा तुकडा कापून मधोमध उभा चिरला की १२ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या होतात. बाहेरच्या थराला ३२ इंचांची पट्टी पुरती लागते. आतल्या थराचा घेर २५ इंच भरतो, तो साडेपंचवीस कापावा. ते चार सूत जास्तीचे असले तरच पट्टी दाबून बसते आणि छतावरून लोंबत नाही. दोन्ही थरांचे जोड विरुद्ध बाजूंना ठेवावेत, एकावर एक आले की तिथून उष्णता थेट पत्र्यावर येते.

आता जिथं लोक थांबतात ती जागा. ब्लँकेट बसवलं, भट्टी पेटवली, लोखंड छान तापलं, झालं काम. झालं नाही. उघड्या तंतूंचा बारीक चुरा हवेत उडतो आणि फुफ्फुसात जाऊन बसतो. बराच काळ हजार अंशांच्या वर राहिलं की या तंतूंत क्रिस्टोबलाइट तयार होतं, तो तर सिलिकाचाच घातक प्रकार. त्यात टाकणखाराचा थेंब पडला की ब्लँकेट साखरेसारखं विरघळतं. म्हणून कापताना निदान एन-९५ मास्क, लांब बाह्या, आणि पुढं ब्लँकेटचा एक बोटभर भागही उघडा ठेवायचा नाही.

आधी थर कडक करायचे. त्यासाठी कोलॉइडल सिलिका लागते, पाण्यासारखी पातळ. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवाले, म्हणजे मेणाच्या नमुन्यावरून ओतकाम करणारे, तीच बाइंडर म्हणून वापरतात, त्यांच्याकडं चौकशी करावी. फवारणीच्या बाटलीत भरून खाण्याच्या रंगाचे दोन-चार थेंब टाकावेत, म्हणजे कुठं मारलं आणि कुठं राहिलं ते दिसतं. प्रत्येक थर वेगळा फवारून वाळवावा. बर्नरचं भोक याच टप्प्यावर पाडून घ्यावं: मधोमध न पाडता जरा बाजूला, तिरकं. ज्वाळा भिंतीला घासून गोल फिरली पाहिजे, थेट लोखंडावर आदळली तर पपुद्रे जास्त निघतात. बर्नरचं तोंड गिलाव्याच्या पृष्ठभागापासून चार सूत ते इंचभर आत दबलेलं असावं, नाहीतर तेच जळतं.

मग गिलावा. घरबांधणीचं सिमेंट किंवा पीओपी आणि वाळूचं मिश्रण अशा कृती खूप फिरतात. दोन्ही भुसभुशीत होऊन गळतात. ॲल्युमिनाचं प्रमाण जास्त असलेलं कास्टेबलच घ्यावं. या मापाला चारेक किलो लागतं. तोंडाच्या कडा आणि बर्नरच्या भोकाभोवतीची जागा धरून सहा किलो भिजवावं. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, वजन करून. अंदाज घ्यायचा तर मूठभर गोळा करून वीतभर वर उडवून झेलावा. फुटला तर कोरडं, बोटांतून ओघळला तर पातळ. तळहातावर बसला पण मोडला नाही म्हणजे बरोबर. गवंड्याच्या सवयीनं 'थोडं पाणी अजून' करू नये, जास्तीचं पाणी उडून गेलं की तिथं पोकळ्या राहतात.

लावण्याआधी ब्लँकेटवर पाणी फवारावं, नाहीतर ते गिलाव्यातलं पाणी शोषतं आणि गिलावा पापडासारखा सुटतो. आधी तळ, मग डबा फिरवून एकेक बाजू. सगळं एकदम थापायला गेलं की छत कोसळतं. स्लॅबला पाणी मारतात तसं पहिले २४ तास ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक.

खरी परीक्षा वाळवण्यात. पाण्याची वाफ होताना आकारमान १७०० पटींच्या आसपास वाढतं. ओली भिंत एकदम तापवली की आतली वाफ वाट न मिळून टवके उडवते, तेही डोळ्यांच्या उंचीला. दोन दिवस सावलीत वाळवून मग जुना पिवळ्या उजेडाचा ६० वॅटचा बल्ब रात्रभर आत. एलईडी नको, तो तापत नाही. नंतर बर्नर मंद, दोन मिनिटं चालू आणि दहा मिनिटं बंद. तोंडाशी आरसा धरावा. काचेवर धूसर आलं म्हणजे अजून पाणी आहे. आरसा स्वच्छ राहीपर्यंत प्रेशर वाढवायचं नाही.

वाळल्यावर झिरकॉन पावडर आणि कोलॉइडल सिलिका यांचा दाट लेप ब्रशनं एक-दोन मिलिमीटर. टाकणखाराला तो बराच दाद देत नाही. तरी तळाला जास्त ॲल्युमिनाची सपाट फरशी सुटी ठेवावी, खराब झाली की बदलता येते.

गॅसचं एक. इकडच्या सिलिंडरात निदान ९० टक्के प्रोपेन असतो, आपल्याकडं प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेनला २४ पट हवा लागते, ब्युटेनला ३१ पट. त्यामुळं इकडच्या मापाचा जेट तसाच वापरला तर तोंडातून लांब पिवळी जीभ निघते. हवेचं झाकण जास्त उघडावं किंवा जेट बारीक घ्यावा. सिलिंडर घरगुती नको, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा. दोन बारपर्यंतचा ॲडजस्टेबल हाय प्रेशर रेग्युलेटर आणि त्या दाबाची नळी, स्वयंपाकघरातली नाही. आणि शेडच्या निदान दोन बाजू उघड्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

केसाएवढ्या भेगा पहिल्याच आठवड्यात पडतील, त्यांना हात लावायची गरज नाही. नखाची कड आत जाईल एवढी भेग झाली की तिथं पाणी फवारून झिरकॉनचा तोच लेप दाबून भरावा. तळातून ब्लँकेट दिसू लागलं तर अस्तर काढायची वेळ आली. ते पाण्यानं चिंब भिजवून, मास्क लावून काढावं आणि जाड पिशवीत तोंड बांधून टाकावं. कोरडं खरवडू नये.