आवक शिक्क्याविना गेलेले सात महिने

माझ्याच निवड यादीतले, माझ्याच महिन्यात लागलेले दोघे मॅटमध्ये, म्हणजे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले आणि तात्पुरती सेवा धरून त्यांना बारा वर्षांची आश्वासित प्रगती, म्हणजे बढती नसतानाही वरची वेतनश्रेणी, मिळाली. मी गेलो नव्हतो, म्हणून मला नाही. एवढंच प्रकरण.

वकील म्हणाले, आधी निवेदन द्या. उत्तर आलं नाही तर सहा महिने थांबावं लागतं, मग वर्षाच्या आत मॅटमध्ये अर्ज. निवेदन घेऊन आमच्या वरिष्ठ कार्यालयात गेलो. आवकच्या टेबलावरचा म्हणाला, "ठिवा की हितं, सायबांना दावतो." ठेवलं. शिक्का मागायची लाज वाटली, रोजचा चहातला माणूस! सात महिन्यांनी चौकशी केली तर तोच म्हणतो, "असलं काय आलंच न्हाई बघा."

त्या दुपारी सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत चालत गेलो, रिक्षासुद्धा केली नाही, इतकं डोकं फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी नवं निवेदन. दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हललो नाही. पुन्हा सहा महिने. मधेच माहिती अधिकारात, माझ्या निवेदनावर कार्यालयात लिहिलेल्या टिपणीची प्रत मागवली. एका पानावर तीन ओळी: "चर्चा करावी." "चर्चा केली." "पुन्हा सादर करावे." सहा महिन्यांचं काम ते.

भीती वेगळीच होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अरविंद कुमार श्रीवास्तव प्रकरणात सांगितलंय की सारख्या स्थितीतल्या कर्मचाऱ्याला तोच लाभ द्यावा. पण जो नुसता बघत बसला, त्याला नाही. मी मॅटमध्ये अर्ज केला तर सरकारी बाजूने विलंबच धरला. तेव्हा तो शिक्का आणि ती टिपणी कामाला आली. हरवलेल्या सात महिन्यांचा कागद मात्र माझ्याकडे नव्हताच.

मुंबईच्या तारखांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, डब्यात कडक भाकरी नि शेंगा चटणी, सकाळी सीएसएमटी. निकाल माझ्या बाजूने लागला. फी पन्नास रुपये, वकिलांचं विचारू नका.

सहकाऱ्यांच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि सेवा पुस्तकाची पानं आधीच काढून ठेवा. वाद सुरू झाला की सेवा पुस्तक "पडताळणीला गेलंय".

आणि हो, जिल्हा परिषदेत असाल तर मॅट तुमच्यासाठी नाही, उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना ते कोल्हापूरला आहे. मॅटसाठी मात्र अजून मुंबईच.