रॅगहॉर्न गायीचा वाटा आणि जावयांचे पूर्वज

मागच्या खेपेला लिहिलं होतं की विहीणबाईंनी बुटांचं एक खोकं माझ्या हवाली केलंय. त्यात घरच्या बायबलचं सुटं पान होतं. पिवळं पडलेलं, कडेला फाटलेलं, जन्म-लग्न-मृत्यू टाकानं लिहिलेले. "आम्ही मेफ्लॉवरवाले", म्हणजे 1620 साली इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत घेऊन आलेल्या जहाजावरच्यांचे वंशज, हे त्यांच्या घरात आपल्याकडच्या "आमचे पूर्वज पेशव्यांच्या पदरी होते" इतक्याच सहज सांगतात, आणि पुरावा मागितला की तितकेच गप्प होतात. मी तीस वर्षं जमिनीच्या नोंदींत काढली. फेरफाराशिवाय वारस लावायची सवय नाही. नातवासाठी वंशावळ करायची तर पक्की करायची, म्हणून पाच महिने झाले, न्यू जर्सीत लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठाण मांडलंय.

मूळ पुरुष जॉन हाउलंड. केंब्रिजजवळच्या फेनस्टँटन गावचा, बहुधा 1592 च्या सुमारास जन्मलेला. 1620 साली मेफ्लॉवरवर चढला तो जॉन कार्व्हर नावाच्या गृहस्थांचा नोकर म्हणून. वादळात डेकवर आला आणि थेट समुद्रात गेला. नशिबानं वरच्या शिडाचे दोर पाण्यात लोंबत होते. ते त्यानं धरले, पाण्याखाली गेला तरी सोडले नाहीत, आणि लोकांनी ओढून, आकडा लावून त्याला वर घेतला. हे पुढे गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डनं स्वतः लिहून ठेवलंय. नातवाला ही गोष्ट एकदा सांगितली, तेव्हापासून आंघोळीच्या टबात रोज हाउलंड पडतो आणि रोज मला त्याला वर काढावं लागतं.

आता खरी गंमत बायकोची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळे छातीठोकपणे सांगत की हाउलंडनं मालकाच्या, म्हणजे कार्व्हरच्या मुलीशी लग्न केलं. त्या वसाहतकऱ्यांनी वसवलेल्या प्लिमथच्या बरिअल हिल या दफनभूमीत वंशजांनी दगड बसवला, त्यावरही तेच कोरलं. नोकर मालकाचा जावई झाला, ही गोष्ट कुणाला आवडणार नाही? ब्रॅडफर्डचं हस्तलिखित मात्र अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात बॉस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसमधून नाहीसं झालं होतं. ते सापडलं लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथसंग्रहात, आणि 1856 साली छापून आलं. त्याच्या शेवटी जहाजावरच्या माणसांची यादी आहे, कोण वारलं, कुणाला किती मुलं झाली यासकट. तिथे सरळ लिहिलंय की हाउलंडची बायको म्हणजे जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ. ती त्याच जहाजावर आईबापांबरोबर आली होती, वय तेरा. आई, वडील, काका, काकू, चौघंही पहिल्या हिवाळ्यात गेली. 102 प्रवाशांपैकी जवळपास निम्मे तेव्हाच गेले. कार्व्हर 1621 च्या वसंतात वारले, पाठोपाठ त्यांची बायको.

म्हणजे दगडावरची नोंद चूक. दगड 1897 साली बदलला. आणि तरीही, मंडळी, मागच्याच आठवड्यात मला एक तयार वंशवृक्ष मिळाला, शेकडो लोकांनी जसाच्या तसा उतरवून घेतलेला. त्यात बाई अजूनही कार्व्हरची लेक आहे! एकानं चूक लिहिली की बाकीचे तिचे साक्षीदार होतात. आपल्याकडे कुलवृत्तांतातही हे बघितलंय.

ब्रॅडफर्डच्या यादीतली हाउलंडांची ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली आहे. 1650-51 च्या सुमाराची. दहा मुलं, सगळी हयात. थोरल्या मुलीला चार, दुसरीला एक. म्हणून एकूण पंधरा. इतकं सुटसुटीत वारसपत्र मी नोकरीत क्वचितच पाहिलं.

या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 1627 च्या गुरांच्या वाटणीनं. वसाहतीची गुरं तोवर सामाईक होती. ती तेरा-तेरा माणसांच्या बारा गटांत वाटली. चौथा गट हाउलंडचा: तो, बायको, जॉन आणि डिझायर ही दोन पोरं, शेजारी ऑल्डनचं कुटुंब आणि आणखी काहीजण. त्यांच्या वाट्याला जी कालवड आली, ती जेकब जहाजानं आलेल्या चारांपैकी एक, नाव रॅगहॉर्न. गायीचं नाव सरकारी कागदात! पण माझ्यासाठी महत्त्वाचं दुसरंच. घरातल्या बायकापोरांची नावं अशी गटवार लागलेली आहेत, त्यामुळे ही वाटणी म्हणजे त्या वर्षीची खानेसुमारीच झाली. डिझायर या वाटणीआधी जन्मलेली हे त्यावरूनच पक्कं होतं. आमची ओळ तिच्याकडूनच जाते. तिचं लग्न जॉन गोरॅमशी झालं आणि संसार केप कॉडवरच्या बार्नस्टेबलला.

तारखांबद्दल नव्या लोकांना एक सूचना. त्या काळी इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं आणि हे 1752 पर्यंत चाललं. म्हणून हाउलंडच्या मृत्यूची तारीख 23 फेब्रुवारी 1672/3 अशी तिरपी रेघ मारून लिहितात. आपल्याला हे जड जाऊ नये. शक चैत्रात बदलतो, गुजराती व्यापाऱ्यांचं संवत कार्तिकात, आपण दोन्ही सांभाळतोच की. रेघ गाळून 1672 लिहिलं की वर्षभराची चूक, आणि माणूस स्वतःच्या मृत्युपत्राच्या आधीच मरतो. मी पहिल्या महिन्यात अगदी हेच करून ठेवलं होतं. मृत्युपत्र 29 मे 1672 चं आहे.

एलिझाबेथ त्याच्यामागे चौदा वर्षं जगली आणि 1687 च्या डिसेंबरात लिडिया या मुलीच्या घरी स्वान्सीला वारली. तिचं मृत्युपत्र वाचताना मात्र माझी आजी आठवली. लिडियाला पिसांची चांगली गादी, तीन ब्लँकेटं, हिरवं पांघरूण आणि पितळेची लहान किटली. इतरांना चादरींची एकेक जोडी, पेटी. नात डिझायर कुशमनला चार मेंढ्या. भांडं न् भांडं नावानिशी. वाचताना प्रत्येक नातं वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीनं खुणावून घेतलं, कारण मुलगी, नात आणि आडनाव यांची सांगड इथेच लागते.

आता अडचणीकडे. मेफ्लॉवरच्या वंशजांची जी सोसायटी आहे, तिच्या चंदेरी पुस्तकांत पहिल्या पाच पिढ्या नीट पुराव्यासह छापलेल्या आहेत, सहाव्या पिढीची फक्त नावं. विहीणबाईंचं पान सातव्या पिढीतल्या बाईपासून सुरू होतं. मधला दुवा मला जोडायचा होता. 1850 च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. 1850 ला सगळ्यांची नावं आली, पण नातं लिहायला रकाना 1880 मध्ये आला. आमची बाई 1850 ला ओहायोत आहे, जन्म मॅसॅच्युसेट्स. बस्स.

मग माझ्या हातचं हत्यार काढलं, जमिनीचे दस्त. आणि तिथेच तोंडघशी पडले. बार्नस्टेबलचं न्यायालय 1827 साली जळालं, खरेदीखतांची बहुतेक बाडं राख झाली. जमिनीच्या नोंदींवर आयुष्य काढलेल्या बाईला याहून वाईट बातमी काय असणार. दिवसभर मी कुणाशी बोलले नाही, जावयांनी न सांगता चहा करून आणला.

सुदैवानं मृत्युपत्रांची बाडं वाचली होती. तिसऱ्या रात्री, दीडशेव्या पानाच्या आसपास, एका बापाच्या वारसवाटपात ती सापडली. मुलगी म्हणून, नवऱ्याच्या आडनावासकट, आणि "आता ओहायोत राहणारी" असं लिहून! लेकीला उठवायला गेले होते, पण दारातून परत आले. दुसऱ्या दिवशी तिची ऑफिसची प्रेझेंटेशन होती.

तरी दुवा अजून पक्का धरत नाही. त्याच गावात त्या बापाच्याच नावाचे दोघे चुलतभाऊ आहेत, वयात दोन वर्षांचं अंतर. एकाला कागदात खलाशी म्हटलंय, दुसऱ्याला शेतकरी. वाटपातल्या बापाच्या मालमत्तेत गुरं आहेत, नांगर आहे, आणि होडीचा चौथा हिस्साही आहे. म्हणजे दोघांपैकी कोण? गावाच्या जन्मनोंदीतली मुलांची नावं एकेक करून वाटपाशी ताडून बघतेय. चार जुळली, दोन बाकी.

विहीणबाईंना इतक्यात सांगू नका, असं जावयांना बजावलंय. नातवाला चिंता वेगळीच आहे. त्याला विचारायचंय, रॅगहॉर्नला वासरू झालं का.