गुरुवारचा नळ

शुक्रवार, सकाळचे साडेदहा

पहाटे चहाला उठले आणि स्वयंपाकघरात पहिलं पाऊल पडलं ते पाण्यातच. सिंक काठोकाठ भरून ओट्यावरून धार लागलेली, पायपुसणं तरंगतंय, आणि नळ मजेत वाहतोय.

चूक माझीच. काल गुरुवार, पाणी बंद. रात्री टाकीतलंही संपलं. नळ सोडून बघितला, फुस्स झालं, आणि तो तसाच उघडा ठेवून मी झोपले. महापालिकेचं ठरलेलं वाक्य असतं, 'शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने'. त्या भरवशावर राहिले. आज नेमकं पाणी लवकर आलं आणि वॉचमनने पहाटेच पंप लावून टाकी भरली.

तरी नुसत्या नळाने एवढं होत नाही. पंधरा दिवस सिंकमधलं पाणी रेंगाळत जात होतं. मी बघून न बघितल्यासारखं करत होते.

तेवढ्यात बेल. खालच्या आजी. "काय गं, पानशेत फुटलं का परत?" १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत राहायच्या. त्यांना ही थट्टा शोभते. मी मात्र हातात पोतेरं घेऊन ओशाळून उभी.

आधी सोडा आणि व्हिनेगर ओतून पाहिलं. फसफसलं छान. पण दोघं एकमेकांनाच मारतात, मागे उरतं जवळपास खारट पाणी. रबरी पंपानेही नुसतं गुडगुडलं. शेवटी सिंकखालचा ट्रॅप हातानेच फिरवून काढला. सासूबाई म्हणाल्या, "खाली बादली ठेवलीस ना?" ठेवली नव्हती. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठलेलं असतं, गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. ते सगळं माझ्या मांडीवर.

आणि आत काय? मेणासारखा पांढरट गोळा. त्यात चहाचा चोथा, भाताची शितं, आणि एक मटकी, तिला चक्क मोड आलेले! तुपाची कढई मी नेहमी कडकडीत पाण्याने धुते आणि स्वतःवर खूश होते. तूप वितळतं खरं, पण पुढे पाइपात गार होऊन पुन्हा थिजतं, आणि मग जे येईल ते त्याला चिकटत राहतं. जुन्या टूथब्रशने खरवडलं. वॉशर नीट बसेना, तो सासूबाईंनी एका झटक्यात बसवला. कुठे शिकल्या ते विचारलं तर म्हणाल्या, "तुझे सासरे कधी घरी असायचे?"

आता पाणी सरसर जातंय. उगाचच दोनदा नळ सोडून बघितलं.

आजींच्या छताला ओल आली असणार, दुपारी जाऊन बघायला हवं. रिकाम्या हाताने कशी जाऊ, थोडा शिरा करून नेते. कढई मात्र आधी कागदाने पुसायची.