ठाण्याहून इगतपुरी, समृद्धीने

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचं शेवटचं टोक आपल्या ठाणे जिल्ह्यात उघडल्यापासून घरात एकच टुमणं होतं, इगतपुरीला जाऊ या. श्रावणातला एक रविवार गाठला आणि साडेपाचला निघालो.

खारेगावचा खाडीपूल ओलांडला आणि माणकोलीला कंटेनरच्या रांगेत अडकलो. माजिवडा ते वडपे हा जेमतेम २४ किलोमीटरचा पट्टा रुंद करायचं काम किती वर्षं चाललंय! खड्डा चुकवावा तर बॅरिकेड, बॅरिकेड चुकवावं तर गोदामातून उलटा घुसणारा ट्रेलर.

"समृद्धी कुठाय रे?" मागून आई.

"आधी भिवंडी तर संपू दे गं!"

आमण्याला, जिथे आपल्या बाजूने समृद्धी सुरू होते, तिथे वर चढलो आणि आईने पहिल्यांदा दाराची मूठ सोडली.

आम्हा ठाणेकरांना हा रस्ता शेपटाकडून मिळाला. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी असा ५२० किलोमीटर सुरू झाला, तेव्हा समृद्धीवर चढायला आम्हाला कसारा घाट चढून थेट शिर्डी गाठावी लागायची. मे २०२३मध्ये तो भरवीरला आला, मार्च २०२४मध्ये इगतपुरीला. म्हणजे ऐन घाटाच्या डोक्यावर येऊन थांबला! नागपूरहून सुसाट आलेली गाडी तिथून पुढे जुन्या घाटात ट्रकच्या मागे. आमण्यापर्यंतचे ७६ किलोमीटर ५ जून २०२५ला खुले झाले. एकूण ७०१ किलोमीटरमध्ये हा तुकडा लहानच, पण इथे सह्याद्री आडवा होता. पाच बोगदे, दऱ्यांवरून उंच पूल. तयार झालेला रस्ता कुलूपबंद ठेवण्यापेक्षा तुकड्यातुकड्याने उघडला हे बरंच झालं. फक्त तो जिथे येऊन ओततो त्या वडप्याच्या रस्त्याचं काम आधी उरकायला हवं होतं, हे माझं स्पष्ट मत.

शहापूर मागे पडलं तसा पाऊस धो धो सुरू झाला. वाशाळ्याशी मोठ्या बोगद्यात शिरलो, ७.७८ किलोमीटरचा. आत जाताच पाऊस बंद आणि कोरड्या काचेवर वायपर कर्रकर्र घासायला लागला. पाचेक मिनिटांत बाहेर, तर पलीकडे नुसतं धुकं. कसारा घाट आलाच नाही. आईला ते काही रुचलं नाही. "घाटात माकडं असायची, कणसं मिळायची," म्हणाली. टोल मात्र बाहेर पडताना फास्टॅगवरून मुकाट कापला गेला.

तिच्या हट्टाखातर परतताना जुन्या घाटाने उतरलो. खर्डीच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्या काकांना विचारलं, धंद्याचं काय?

"ट्रकवाले येतात अजून, टोल वाचवतात. कारवाले गेले सगळे वरून." मग आईकडे बघून, "आज तुम्ही आलात, मावशी." आणि दोन भजी जास्तीची टाकली.

वडप्यानंतर पुन्हा तेच रामायण. वडोदऱ्याकडून येणारा द्रुतगती मार्गही आमण्याजवळून बदलापूर, पनवेलकडे वळून जेएनपीटी बंदराला जायचाय, त्यासाठी माथेरानच्या डोंगराखालून बोगदा खणलाय. तो पूर्ण सुरू झाला की बंदराचे कंटेनर तरी माणकोलीत कमी होतील, अशी आशा आहे. तोवर कुणाला जायचं असेल तर पाचच्या आत माजिवडा सोडा, चहाचा थर्मास बरोबर घ्या, आणि बाइक घरीच ठेवा. समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे.