फुगडी रात्री नको

लेकीचा फोन आला, "आई, छोटूची ओटी सुरू करायचीय. तू येशील का पुण्याला?" मी म्हटलं, "अगं, पोराची कसली ओटी भरतेस?" पलीकडे दोन क्षण शांतता, मग ती इतकी हसली की जावयाने येऊन विचारलं काय झालं म्हणून. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून करून घ्यायचे उपचार. मी फलटणची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. मला एकच ओटी ठाऊक.

छोटू पाच वर्षांचा आहे. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली जातो. शर्टच्या कॉलरला आत लेबल असेल तर शर्ट काढून फेकतो. कुरडई कितीही खाईल, पण वरणभात समोर आला की ओकारी. आणि हाच मुलगा मिठी मारायला येतो तेव्हा अंगावर आदळतो, भिंतीला घासत चालतो, सोफ्यावरून मुद्दाम खाली पडतो. मी सरळ म्हणाले होते, "लाडावून ठेवलाय." त्यावरून मायलेकींचं दोन दिवस बोलणं बंद. डॉक्टरांनी आधी कान तपासून घेतले, बाकी तपासण्या केल्या, ऑटिझम नाही म्हणाले, आणि ओटीला पाठवलं.

थेरपीची खोली म्हणजे मला आधी बालवाडीच वाटली. छताला टांगलेला चौकोनी झोका, लोडासारखा लांबट झोका, मोठा रबरी चेंडू, चढायला शिडी. एका तासाचे आठशे रुपये, आणि पोरगं झोके घेतंय! आठशे रुपयांत मी फलटणला आंब्याच्या फांदीला दोर बांधून जन्मभराचे झोके दिले असते. हे मी थेरपी देणाऱ्या मॅडमना बोलून दाखवलं. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "बांधा की. पण कधी आणि किती वेळ, ते मला विचारून."

आणि मग घरी काय खेळता, असं विचारलं. मी मोठ्या अभिमानाने फुगडी सांगितली. रोज झोपायच्या आधी अर्धा तास दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवायचे. दमला की झोपेल, हा माझा हिशेब. दमायची मी. तो साडेअकरापर्यंत गादीवर उड्या मारायचा. मॅडम म्हणाल्या, "आजी, फुगडी सकाळी. रात्री झोका, तोही संथ, पुढे-मागे." कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. गरगर फिरल्याने तो खडबडून जागा होतो आणि मूल चेकाळतं, संथ हेलकाव्याने बहुतेक मुलं निवतात. कानातल्या त्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका मी ३१ वर्षं फळ्यावर काढल्या, नावं द्यायला लावली, चुकलं तर मार्क कापले. पण पाळणा पुढे-मागेच का हलवतात, हे कधी डोक्यात आलं नाही.

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच ज्ञानेंद्रियं आपण शिकवतो. तोल हे सहावं धरा. सातवं स्नायू-सांध्यांतलं: डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते कळतं, ते त्याच्यामुळे. छोटूला तिथली खबर नीट पोचत नाही, म्हणून तो आदळतो, असं मॅडमचं म्हणणं. आणि त्वचेची खबर मात्र दहापट मोठ्याने पोचते. हा सगळा विचार, म्हणजे 'सेन्सरी इंटिग्रेशन', अमेरिकेतल्या ए. जीन एअर्स यांचा, त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं.

आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण त्याच्याही आधी सुरू झालं, १९५० साली, मुंबईच्या केईएममध्ये, आणि सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर. हे ऐकून मी खुर्चीतून उठलेच. कुठल्या निंबकर? जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकर झालेल्या, आमच्या फलटणच्या शेतीसंशोधक बी. व्ही. निंबकरांच्या आई! निंबकर म्हटलं की आम्हाला मेंढ्या आणि करडई आठवते. त्या दिवशी मी वेटिंगमधल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली. छोटूला लाज वाटली म्हणे.

एकदा मात्र वाजलं. त्वचेला सवय व्हावी म्हणून टबात तांदूळ भरून त्यात त्याला पाय घालून उभं केलं होतं. अन्नात पाय? मी नाही म्हणजे नाहीच म्हटलं. पुढच्या खेपेला फलटणहून चार किलो चिंचोके नेले. आता त्या टबात चिंचोके आहेत आणि बाकीची मुलंही त्यातच पाय घालतात.

स्नायू-सांध्यांना काम देणारा घरचा अभ्यास मला आवडतो, कारण तो जुनाच आहे. कणीक मळायची. अर्धी बादली पाणी न्हाणीघरातून बाल्कनीतल्या झाडांपर्यंत न्यायचं. आणि 'पुरणपोळी': छोटूला गोधडीत गुंडाळायचं, तोंड बाहेर, आणि वरून हातांनी दाबत लाटायचं. "अजून जोरात, आज्जी." माझ्या आईच्या नऊवाऱ्यांची गोधडी आहे ती, चांगली जड.

लेक इंजिनिअर आहे, तिने वाचून काढलं की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सावध केलंय: या सेन्सरी इंटिग्रेशनच्या थेरपीवरचं संशोधन अपुरं आहे, तेव्हा आधी ठरवा काय सुधारायला हवं, मुदत घाला, नोंद ठेवा. नोंद म्हटल्यावर माझं काम. हजेरीपटासारखी वही आखली. तीन रकाने: कॉलरचा शर्ट, कुकर, केस कापणं. मुदत बारा आठवडे.

वहीत पाहताना मला तिसरीतला एक मुलगा आठवत राहिला. गणवेशाचा शर्ट सारखा काढायचा, बाकावर बसून लिहायचाच नाही, उभं राहून लिहायचा. मी त्याला पट्टी मारलेली आहे. अक्षर सुंदर होतं त्याचं.

बारा आठवड्यांनंतरचा हिशेब असा. शर्ट: लेबल उसवून आणि आत मऊ बनियन घालून शाळा सुटेपर्यंत टिकतो. यात थेरपी किती आणि माझी कात्री किती, मला सांगता येणार नाही. कुकर: काही फरक नाही. मी आता वरण पातेल्यात शिजवते. मध्ये अंगावर घासायचा मऊ ब्रश दिला होता, दर दोन तासांनी. तो चार दिवसांत बंद केला. छोटू चिडायचा आणि मीही.

केस कापणं: पूर्वी चौघांनी धरावं लागायचं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने "रविवारी गर्दीत आणू नका" असं सांगितलं होतं. या वेळी मंगळवारी दुपारी गेलो. मशीन नको, कात्रीच. मांडीवर दोन किलो गव्हाची पिशवी, तोंडात कडक चकली. डावी बाजू पूर्ण झाली, एक शब्द नाही. मग चकली संपली. दुकानदार म्हणाले, "आजी, उरलेलं पुढच्या मंगळवारी."

तर तो आठवडाभर अर्ध्या डोक्याने शाळेत गेला. वर्गाचा फोटो नेमका त्याच गुरुवारी निघाला.