घाट उतरण्याआधी : आमच्या गॅरेजची वाटचाल

बेळगावजवळ पिरनवाडीहून जांबोटीचा रस्ता फुटतो, त्याच्या थोडं अलीकडे खानापूर रोडला आमचं गॅरेज आहे. 2001 साली सुरू केलं तेव्हा वर आठ पत्रे, खाली लाल माती आणि बाबांनी फंडातून काढून दिलेले पैसे, एवढंच भांडवल होतं. बाबा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर होते. पोरानं लेथ शिकावा, आत कुठंतरी चिकटावं, महिन्याच्या महिन्याला पगार घ्यावा असं त्यांना वाटायचं. मी शहापुरातल्या एका वस्तादांकडे नऊ वर्षं काढली. पहिली दोन वर्षं तर नुसते पाने पुसण्यात आणि डिझेलमध्ये पार्ट धुण्यात गेली. शेडची पूजा झाली त्या दिवशी बाबांनी बिडाचा एक जाडजूड ठोकळा आणून दिला आणि म्हणाले, "बेअरिंग, बुश काय ठोकायचं ते ह्याच्यावर ठोक, फरशी फोडू नको." तेव्हा फरशी नव्हतीच. तो ठोकळा आजही कामाच्या टेबलाशेजारी आहे.

पहिली गिऱ्हाइकं म्हणजे भाजीच्या गाड्या. बेळगावची भाजी गोव्याला जाते हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. भरलेल्या पिकअप रात्री जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरतात आणि उजाडायच्या आत साखळी, म्हापशाकडे पोचतात. आमची शेड वाटेवरच, त्यामुळे संध्याकाळी कुणी हवा बघायला थांबायचा, कुणी फॅनबेल्ट ओरडतोय म्हणून. घाटमाथ्यावर पाऊस कसा पडतो हे खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. कणकुंबीच्या पुढं धुकं आणि पाणी मिळून समोरची गाडी दिसत नाही, आणि अशा रस्त्यावर ह्या गाड्या वजन घेऊन रोज उतरतात.

ह्या धंद्यात आम्ही काय शिकलो ते सांगायचं तर एका मामांच्या गाडीपासून सांगावं लागेल. गणपतीच्या आधीचे दिवस होते. मामा सकाळी आले, गाडीची डावी बाजू अख्खी खरवडलेली. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. म्हणाले, "ब्रेकच लागंना झाला रे. पाय दिला तर पेडल सरळ खाली फळीला. पहिला गियर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराला घासून थांबवली. उजव्या अंगाला दरीच होती बघ."

पंधरा दिवसांपूर्वी त्या गाडीचं ब्रेकचं काम आम्हीच केलं होतं. नवे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, बसवले होते, ड्रम उद्यमबागेत लेथवर साफ करून आणले होते, ऑइलची डबी भरून दिली होती.

मी पेडल दाबून बघितलं. दगडासारखं घट्ट! चारी चाकं खोलली, कुठं गळती नाही. पेडलच्या दाबानं ऑइल पुढं ढकलणारा मास्टर सिलिंडर ठीक, पाइप ठीक. दुपारपर्यंत मला काही सापडेना. शेवटी वस्तादांना आणायला शहापूरला गेलो. त्यांनी गाडी बघायच्या आधी एकच विचारलं, "ब्रेक ऑइल बदललास कधी?" मी म्हणालो, भरलं होतं. ते म्हणाले, "भरलास ते कळलं. बदललास कधी?" मामांनी गाडी घेतल्यापासून ते कुणीच बदललं नव्हतं. चाकापाशी ऑइल बाहेर सोडायचा, ब्लीडिंगचा निप्पल सैल केला आणि काचेच्या बाटलीत ऑइल घेतलं, तर ताज्या मधाच्या रंगाऐवजी खळखळून उकळलेल्या काढ्यासारखं काळं.

गोष्ट अशी आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डबीच्या झाकणातून, रबरी पाइपातून पाणी हळूहळू त्यात जातं, आणि आमच्या दमट पावसाळ्यात तर जास्तच. डॉट 3 प्रकारचं ऑइल ताजं असताना 205 अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही. त्यात चार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तोच आकडा 140 वर येऊ शकतो. डॉट 4 चं हेच गणित 230 आणि 155. घाटात सारखा ब्रेक धरून उतरलं की चाकापाशी एवढी उष्णता सहज होते. मग ऑइलची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पाय नुसता खाली जातो. गाडी तासभर थांबली की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल पहिल्यासारखं घट्ट. म्हणूनच मला सकाळी काही सापडलं नाही, आणि म्हणूनच असा अनुभव आलेले कितीतरी ड्रायव्हर "काल जरा दगा दिला, आज बरा आहे" म्हणून पुन्हा तीच गाडी घाटात घालतात.

मामांकडून त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. पत्र्याचं कामही आमच्याच खर्चानं करून दिलं. त्यांनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून अडत दुकानात असते तसली लांब लाल वही आणली. गाडीला एक पान. किलोमीटर, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख, बॅटरी कधीची, कुलंट कधीचं, टायर कुठल्या आठवड्यातला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली की रंग कसाही असो, आम्ही बदलायला सांगतो. सुरुवातीला गिऱ्हाइकांना वाटायचं बिल वाढवायची युक्ती आहे. काही जण सोडूनही गेले. पहिली तीन वर्षं फार ओढाताणीची गेली, घरी बायकोनं शिवणकाम धरलं म्हणून निभावलं. पण घाटातल्या गाड्या टिकून राहिल्या, कारण ड्रायव्हर एकमेकांत बोलतात.

ह्या "ब्रेक ऑइल" शब्दानंच मोठा घोळ घातला आहे, हे जाता जाता सांगतो. नावात ऑइल असलं तरी ते खनिज तेल नव्हे, ग्लायकॉलच्या जातीचं द्रव्य आहे. एकदा एका गिऱ्हाइकानं वाटेत डबीत उरलेलं इंजिन ऑइल ओतलं, ऑइल ते ऑइलच म्हणून. दोन दिवसांत आतली सगळी रबरं फुगली. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत प्रत्येक रबरी वाटी, वॉशर, पाइप बदलावा लागला. आणखी एक. डबीतली पातळी उतरली तर लगेच भरायला जाऊ नका, आधी चाकातल्या डिस्कला घासणारे पॅड बघायला सांगा. पॅड झिजला की पिस्टन पुढं सरकतो आणि तेवढं ऑइल खाली उतरतं. नुसतं भरत राहिलात तर झिजलेला पॅड लपून राहतो. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो. पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

गिऱ्हाइकाची गाडी सांभाळायला आम्ही मामांमुळे शिकलो. काम करणाऱ्या माणसाला सांभाळायला शिकलो ते आमच्याच शेडमध्ये.

वस्तादांची एक सवय होती. चाक काढलं की ते कडेला टेकवून ठेवायचं नाही, आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकवायचं. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. धरायला घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, लावायची, आणि घोडी असली तरी चाक पोटाखाली. एका पावसाळ्यात दोन्ही घोड्या दुसऱ्या गाडीखाली अडकलेल्या. आमचा एक पोरगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा, "दोनच मिनिटांचं काम आहे अण्णा" म्हणत जॅकवरच्या गाडीखाली शिरला. लाल माती पाण्यानं लोण्यासारखी झाली होती. मी समोरच उभा होतो. जॅकचा पाय एका बाजूला रुतत चाललेला दिसला, तोंडातून आवाज निघायच्या आत गाडी खाली आली. पोटाखालच्या चाकावर टेकली. पोरगं छातीभर अंतरात सुखरूप. त्यानं सवयीनं चाक आत सरकवलं होतं म्हणून. त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हातातला पाना सुटत नव्हता. त्या दिवशी काम बंद ठेवलं. महिनाभरात कर्ज काढून शेडला सहा इंची कोबा केला आणि घोड्यांच्या चार जोड्या आणल्या. आज तो पोरगा आमचा हेडमिस्त्री आहे.

शेडच्या दारात विठोबाच्या तसबिरीखाली खिळ्यांची एक रांग आहे. आत येणारा प्रत्येक जण अंगठी, घड्याळ, हातातलं कडं, गळ्यातली चेन तिथं अडकवतो. त्याचं कारण माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेवर आहे, कड्यासारखा पांढरा डाग. बॅटरी काढताना घाईत आधी पॉझिटिव्ह सैल करायला घेतली. पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं आणि मधे माझी लग्नातली अंगठी सापडली. सोनं लाल झालेलं मी स्वतःच्या बोटावर बघितलं आहे. बॅटरी बारा व्होल्टची म्हणून झटका देत नाही, पण शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते. म्हणून काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करतानाही शेवटचं काळं टोक बंद पडलेल्या बॅटरीला लावायचं नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्या तोंडाशी ठिणगी पडली तर ती फुटते आणि आतलं ॲसिड तोंडावर येतं.

ब्रेकची धूळ पूर्वी आम्ही कंप्रेसरच्या हवेनं उडवायचो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात कायमचं बसतं, हे उशिरा कळलं. आता ओलं करूनच पुसतो. जळकं ऑइलही गावाकडची माणसं मेढींना, दारांना लावायला मागायला येतात. आपलीच माणसं, नाही म्हणताना वाईट वाटतं. पण ते कातडीला फार दिवस लागत राहिलं तर कॅन्सरचा धोका असतो, आणि विहिरीशेजारी सांडलं तर पाणी गेलं. ते पिंपात साठवून परवाना असलेल्यांनाच देतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आठवडाभर आम्ही घरी जेवायला गेलो नाही. शहरात घराघरांच्या तळमजल्यात गाड्या बुडाल्या होत्या. फोनवर प्रत्येकाला एकच सांगत होतो, पाणी ओसरलं तरी किल्ली फिरवू नका, ओढून आणा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्यांचे प्लग, इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढलं, ऑइलं बदलली, वायरिंग सुकवलं आणि गाड्या चालू झाल्या. ज्यांनी "जरा बघूया" म्हणून स्टार्टर मारला, त्यांची इंजिनं उतरवावी लागली.

2020 पासून धुराच्या कडक नियमांच्या बीएस 6 गाड्या आल्या. बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला, हेडमिस्त्रीला ट्रेनिंगला पाठवलं. हायब्रिडमधल्या नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टच्या, वायरींना आमच्याकडे तो एकटाच हात लावतो. कित्तूरकडचा एक कानडी पोरगा पाच वर्षांपूर्वी आला, "ब्रेक हिडीता इल्ल", म्हणजे ब्रेक धरत नाही, हे गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं तो आम्हाला समजावून सांगायचा; आता तो मराठीत भांडतो आणि वहीची निम्मी पानं कानडीत लिहितो. ज्याला जे वाचता येतं त्यानं ते वाचावं, तारीख दोन्हीकडे तीच.

गोव्याला जाणाऱ्यांना सांगणं एवढंच आहे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ज्या गियरमध्ये घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजून भेटतात. इंजिन बंद झालं की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच दम उरतो आणि स्टेअरिंग जड होतं. टायरच्या खाचेत मधेमधे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की फक्त 1.6 मिलिमीटर नक्षी उरलेली असते. कायद्यानं तीच शेवटची हद्द आहे, पण चोर्ल्याच्या पावसात तिथपर्यंत वाट बघू नका. हवा टायर थंड असताना भरा, भरलेल्या गाडीची वेगळी, आणि स्टेपनीलाही.

पावसाआधीची तपासणी आम्ही मे महिन्यात करतो. कुलंट, ऑइल, हवा ह्यांची पातळी थंड गाडीतच खरी कळते, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेतलेली माणसं आम्ही पुष्कळ बघितली आहेत. म्हणून जमलं तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावा. किल्ली मामांच्या मुलाकडे दिलीत तरी चालेल, तो आता भाजी भरायला जाताना रोज सहा वाजता इथं थांबतो.