तुम्ही विचारलंत म्हणून: खलनायक लागतोच का?

युवा महोत्सव जवळ आला की कॉलेजची पोरं संहिता घेऊन घरी येतात आणि चहा होईपर्यंत हमखास विचारतात, "सर, आमच्या एकांकिकेत खलनायकच नाही. चालेल का?"

चालेल की. मिशीला पीळ देणारा नसला तरी काही बिघडत नाही. वाट अडवणारा मात्र कुणीतरी पाहिजे.

विराटाच्या घरचंच बघा. पांडवांना अज्ञातवासाचं एक वर्ष गुपचूप काढायचं होतं, बस. भीम मुदपाकखान्यात, अर्जुन नाच शिकवतोय, द्रौपदी राणीची सैरंध्री. कीचक नसता तर भीमाने वर्षभर वरण घोटलं असतं आणि आपण तिकीट काढलं नसतं. कीचकाची नजर द्रौपदीवर पडते आणि भीमाची पंचाईत होते: गप्प बसावं तर बायकोची अब्रू जाते, उठावं तर ओळख फुटून पुन्हा बारा वर्षं वनवास. खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं तेव्हा लोकांना त्या कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला. १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे सरकारलाही तो ओळखू आला!

पोरं फसतात ती पुढे. मीही फसलोय. यंत्रमागावर एकांकिका लिहिली होती, त्यात सुताचा व्यापारी एक शेठ होता. दारात उभं राहून दमदाटी करायचा. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका खोलीत तालीम चालायची. शेठची एंट्री झाली की पोरं फिसकन हसायची. चूक त्यांची नव्हती. शेठला वाईट दिसण्यापलीकडे काहीच नको होतं, आणि त्याच्यापुढे मागवाल्या म्हाताऱ्या अप्पांना हात जोडण्यावाचून काम नव्हतं.

शेवटी शेठला काढून टाकला. त्याच्या जागी अप्पांच्या घरातलाच थोरला मुलगा आणला, अण्णा. त्याला चारही माग भंगारात काढायचे होते. एका प्रवेशात तो अर्धवट विणलेल्या चादरीवर लाईटबिल ठेवतो, त्यावर सुताचं बिल, त्यावर पोरीच्या फीची पावती. आवाज न चढवता म्हणतो, "अप्पा, हे तुम्ही भरा. मग बोलू."

झालं, नाटक सुटलंच. अप्पा कारखान्याची किल्ली बंडीच्या आतल्या खिशात लपवतात, धाकट्याशी खोटं बोलतात, सुनेवर खेकसतात आणि रात्री सगळे झोपल्यावर एकटेच माग सुरू करतात. यातलं एकही मी आधी ठरवलं नव्हतं. अण्णाचं म्हणणं खरं होतं, म्हणून अप्पांना जागेवर बसवेना.

'एकच प्याला'तला तळीराम तरी कुठे सुधाकराच्या जिवावर उठलाय? दुःखावर उतारा म्हणून तो पेला पुढे करतो. त्याच्या लेखी ती दोस्तीच. मला कीचकापेक्षा तळीरामाची भीती जास्त वाटते, पण ते असो.

आमचा प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात झाला. संपल्यावर धोतर-टोपीतले एक आजोबा विंगेत आले. अप्पा झालेला पोरगा नमस्काराला पुढे सरसावला, पण ते त्याला ओलांडून थेट अण्णाकडे गेले. त्याचा खांदा धरून म्हणाले, "बरोबर बोलला बे तू. लई बरोबर बोलला. पण विकू नको."